थॉम्प्सन, तळेगाव आणि आमची भिंत

तळेगाव दाभाडेच्या औद्योगिक वसाहतीत सप्टेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, तेव्हा मावळात त्याचे फार अप्रूप होते. वर्षाला १ लाख ४० हजार गाड्या बाहेर काढण्याची त्याची क्षमता होती. भाताच्या खाचरांसाठी आणि इंद्रायणी तांदळासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या तालुक्याचे नाव त्यामुळे वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानावर आले. ‘अमेरिका आपल्या दारात आली’ असे लोक म्हणत. त्या कौतुकात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ही मोटार कंपनी महाराष्ट्रात पहिल्यांदा येत नव्हती. १९२८ मध्येच तिने मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता. आणि तिचे बोट धरून दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, आणखी एक अमेरिकन कंपनी मुंबईत दाखल झाली होती. तिच्याकडे यंत्रे नव्हती, गोदाम नव्हते, विकायला स्वतःचा माल नव्हता. तिचे नाव जे. वॉल्टर थॉम्प्सन, आणि धंदा जाहिरातीचा.

मोटार कंपनीने १९५४ मध्ये मुंबईतला गाशा गुंडाळला. थॉम्प्सन मात्र राहिली, वाढली, आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात कंपन्यांत गणली गेली.

या कंपनीविषयी मला कुतूहल वाटण्याचे कारण घरगुती आहे. आमचे घर कामशेतला आणि अब्बांचे दुकान लोणावळ्यात. दुकान म्हणजे बाजारपेठेतल्या एका बोळात सहा बाय आठची खोली. तारपीन, अलसीचे तेल आणि रेड ऑक्साइडचा वास कायमचा मुरलेली. अब्बा बोर्ड पेंटर होते. चिक्कीची दुकाने, लॉज, डॉक्टरांचे दवाखाने, शाळेचे सुविचार, सगळे त्यांच्या हातचे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांमुळे त्यांना गुजराती अक्षरेही काढावी लागत. मराठी, इंग्रजी, उर्दू आणि गुजराती अशा चार लिप्या त्यांच्या कुंचल्याला येत होत्या. शाळा मात्र चौथीपर्यंतच. पावसाळा संपला की भिंतीचे काम निघे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आणि रेल्वेलगतच्या गावांत घरांच्या भिंतींवर साबणाच्या, विड्यांच्या, खताच्या, सिमेंटच्या जाहिराती रंगवायच्या. जाहिरातीच्या धंद्याची जी लांब साखळी असते, तिच्या अगदी शेवटच्या कडीवर आमच्या घरची चूल पेटत होती. साखळीचे दुसरे टोक कुठे आहे हे मला पुष्कळ उशिरा, पुस्तकांतून कळले.

ते टोक न्यूयॉर्कला होते. १८६४ मध्ये तिथे कार्लटन अँड स्मिथ नावाचे एक लहानसे दुकान निघाले. धार्मिक नियतकालिकांतल्या मोकळ्या जागा जाहिरातदारांना विकून देणे हा त्याचा उद्योग. म्हणजे जगातल्या एका प्रचंड कंपनीची सुरुवात देवाधर्माच्या पानांवरची जागा विकण्यापासून झाली. तिथे हिशेब लिहायला लागलेल्या जेम्स वॉल्टर थॉम्प्सनने १८७८ मध्ये ते दुकानच विकत घेतले. धंद्याचे ५०० डॉलर दिले आणि टेबल-खुर्च्यांचे ८००. खुर्च्या धंद्यापेक्षा महाग! १८९९ मध्ये कंपनीने लंडनला कार्यालय उघडले. पण ती खऱ्या अर्थाने जगभर पसरली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, जनरल मोटर्सबरोबर झालेल्या करारामुळे. मोटारींचा कारखाना जिथे निघेल तिथे थॉम्प्सनने आपले कार्यालय उघडायचे, असा तो व्यवहार होता. मुंबईचे कार्यालय त्याच ओघात आले. बहुराष्ट्रीय कंपनी हा शब्द आपल्याकडे १९९१ नंतर, ‘खाउजा’च्या चर्चेत घराघरांत पोचला. ती वस्तू मात्र आपल्या आजोबांच्या काळापासून मुंबईत नांदत होती.

या धंद्यात पैसा कसा मिळतो हे कळले तेव्हा मला नवल वाटले होते. माझी समजूत होती की साबणवाला जाहिरात कंपनीला मेहनताना देत असेल. जुनी रीत तशी नव्हती. वर्तमानपत्र आपल्या छापील दरातून १५ टक्के अडत एजन्सीला सोडत असे. १ लाखाची जाहिरात छापून आली की ८५ हजार वर्तमानपत्राचे, १५ हजार एजन्सीचे. म्हणजे मजकूर लिहिणारा, चित्र काढणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा, या सगळ्यांचे पगार जागेच्या किमतीतून निघत. जागा जितकी महाग, तितकी अडत मोठी. भाजीच्या आडत्याचाच हा हिशेब. फक्त टोपलीत भाजीऐवजी लोकांचे लक्ष असते. अब्बांना चौरस फुटावर मजुरी मिळे. रंग आमचा, परांचीचे बांबू भाड्याचे, आणि पैसे ठेकेदाराला वरून मिळाल्यावर.

लक्स साबण हे या कंपनीचे जगभरातले गिऱ्हाईक. दहापैकी नऊ नट्या हाच साबण वापरतात, ही अमेरिकेतल्या विसाच्या दशकातली कल्पना तिचीच. लक्स भारतात आला १९२९ मध्ये, आणि १९४१ मध्ये त्याच्या जाहिरातीत पहिली भारतीय नटी झळकली ती आपली लीला चिटणीस. पुढे मधुबालाही त्या साबणाच्या जाहिरातीत दिसली. घरचे नाव मुमताज जहाँ. सिनेमाने ते बदलले आणि साबणानेही बदललेलेच घेतले. मुसलमान चेहरा बाजाराला चालत होता, नावाबद्दल थोडी तडजोड लागत होती. २००५ मध्ये लक्सला भारतात ७५ वर्षे झाली म्हणून टबात बसलेला शाहरुख खान त्याच साबणाच्या जाहिरातीत आला, तो स्वतःच्या पूर्ण नावानिशी. या ६०-६५ वर्षांत काहीच बदलले नाही असे म्हणणे खोटे होईल.

नावावरून आठवले. विदेशी भांडवलाबद्दल सरकारचे धोरण कडक होत गेले, तेव्हा या कंपनीने आपल्या नावात ‘हिंदुस्थान’ घातले आणि ती हिंदुस्थान थॉम्प्सन असोसिएट्स झाली. जाणकार तिला एचटीए म्हणत. पुढे बाजार खुला झाला, लंडनच्या मालकांची पकड घट्ट झाली, आणि ‘हिंदुस्थान’ पुन्हा गळाले. २००५ मध्ये जगभर ती नुसती जेडब्ल्यूटी झाली. नावात हिंदुस्थान घालून स्वदेशी व्हावे आणि सोयीने ते काढून टाकावे, तरी कोणी देशप्रेमाचा दाखला मागू नये! अशी सवलत फारच थोड्यांना मिळते.

या हिंदुस्थान थॉम्प्सनने १९७२ मध्ये एक काम केले, ज्याची माहिती मला वाणिज्य शाखेला शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने पाठ्यपुस्तकात दाखवली. देशातल्या ग्रामीण बाजारपेठेचा निर्देशांक. १९८६ मध्ये तो सुधारला गेला. प्रत्येक जिल्ह्यात शेतमजूर किती, लागवडीखालचे आणि ओलिताचे क्षेत्र किती, अन्नधान्याखेरीजची पिके किती, खताचा खप, पंप, ट्रॅक्टर, वीज पोचलेली गावे, बँकांतल्या ठेवी आणि शेतीकर्जे, असे सगळे मोजून जिल्ह्यांची प्रतवारी लावलेली. साबण कुठे खपेल, कुठे नाही, हे त्यावरून ठरायचे. पाहणीच्या कामासाठी कंपनीने १९७० च्या सुमारास आयएमआरबी ही वेगळी संस्थाही काढली होती. आमच्या गावाला वीज आली ती सरकारच्या कृपेने असे आम्ही समजत होतो. ती आल्याची नोंद मुंबईच्या एका कचेरीत साबणासाठीही झाली असेल, हे कोणाच्या स्वप्नात नव्हते.

याच धंद्याने पुढे माणसांचीही प्रतवारी लावली. शहरात कमावत्या माणसाचा व्यवसाय आणि शिक्षण पाहायचे. खेड्यात शिक्षण आणि घर. घर पक्के, अर्धे पक्के की कच्चे? त्यावरून आर-१ ते आर-४ असे चार वर्ग. आमच्या घराच्या पुढच्या भिंती विटांच्या आणि मागची कुडाची, अब्बा चौथी. आम्ही वरच्या वर्गात नव्हतो हे सांगायला नको. २०११ पासून घराऐवजी वस्तू मोजू लागले. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, रंगीत टीव्ही, शेतजमीन अशा ११ गोष्टींपैकी तुमच्याकडे किती आहेत, आणि घरातला कमावता माणूस किती शिकला, एवढ्यावर तुमची जागा ठरू लागली.

त्या तक्त्यात धर्माचा रकाना नव्हता. भाषेचाही नव्हता. वाचल्यावर मला आधी बरेच वाटले. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, तो आपली मोजणी धर्मावरून करतो, कारण मागासलेपण दाखवायचे तर दुसरा उपाय नाही. इथे मात्र मुसलमान म्हणून नव्हे, चौथी शिकलेला आणि निम्मी भिंत कुडाची असलेला माणूस म्हणून आमची गणना होती. बाजार आंधळा असतो आणि त्याचा आंधळेपणा कधीकधी न्यायासारखा दिसतो. पण तक्ता आणि चित्र यांत अंतर असते. तक्त्यात नसलेला धर्म चित्रात पोशाख घालून येतो. त्याचा अनुभव पुढे आला.

त्याआधी भिंतीविषयी सांगितले पाहिजे, कारण भिंतीवर काय होते ते पुस्तकांत सापडत नाही. मुंबईहून एक छापील कागद येई. त्यावर जाहिरातीचे चित्र, अक्षरांचा वळणासकट नमुना आणि रंगांचे क्रमांक. अब्बा त्या कागदावर पेन्सिलीने चौकटी पाडत. मग भिंतीला दोन हात चुना, वाळल्यावर निळीत भिजवलेल्या सुताने त्याच चौकटी मोठ्या करून मारायच्या आणि एकेका चौकटीतली रेष मोठ्या चौकटीत उतरवायची. मी आणि माझा भाऊ सुताची दोन टोके धरून उभे राहत असू. भिंतीच्या मालकाला मिळे ती चुन्याची फुकट सफेदी, थोडे पैसे आणि असलेच तर कंपनीचे कॅलेंडर. शेवटी ठेकेदाराचा माणूस येऊन भिंतीचा फोटो काढी. गावाचे नाव दिसेल असा. फोटो मुंबईला गेल्याशिवाय बिल निघत नसे. भिंत रंगली की नाही, यापेक्षा भिंतीचा फोटो निघाला की नाही, याला महत्त्व होते.

नाणे मावळातल्या एका आजींनी आपली भिंत द्यायला साफ नकार दिल्याचे मला आठवते. भिंत चांगली, रस्त्याकडे तोंड केलेली. ठेकेदाराने पैसे वाढवले. आजी म्हणाल्या, “पेंटरभाई, तुमी इठोबा काढा, मी पैसं घेनार न्हाई. पर ह्या बाईचं आंग धुनं माज्या भितीवर नको.” अब्बा हसले आणि त्यांनी दाराच्या बाजूला एक विठोबा काढून दिला, उरलेल्या रंगात. साबणाची नटी शेजारच्या भिंतीवर गेली. घरी आल्यावर अम्मा म्हणाली, “ठेकेदारने पूछा तो?” अब्बांचे उत्तर होते, “उसकू बोलूंगा, इठोबा का फोटो नको भेज.”

मजकुराचे भाषांतर हा अब्बांचा कायमचा वैताग होता. कागदावरची मराठी आधी इंग्रजीत जन्मलेली असे, मग हिंदीत जाई, तिथून मराठीत येई. येताना तिचे हातपाय मोडलेले असत. ‘आपल्या कपड्यांना द्या एक नवीन जीवन’ असे काही रंगवताना ते म्हणत, “कपड्याला जीवन कशाला? तो मेला होता का?” पण एक अक्षरही बदलायची मुभा नव्हती, कारण फोटो जायचा होता. चुकीचे मराठी अत्यंत सुंदर अक्षरात रंगवणे, हे त्यांनी ३० वर्षे केले. एचटीएने १९९८ मध्ये पेप्सीसाठी ‘ये दिल मांगे मोर’ ही ओळ काढली. ती देशभर गाजली, कारगिलच्या युद्धातही घोषणेसारखी वापरली गेली. आमच्या गावच्या पारावर मात्र दिलाला मोर कशाला हवा, लांडोर का नको, यावर पुष्कळ दिवस चर्चा चालली होती. कंपनीला ही चर्चा कळली असती तर तिने ती बहुधा यशातच धरली असती.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. गाड्या जुन्या रस्त्यावरून वर गेल्या, आणि जाहिरातीही भिंतीवरून उतरून लोखंडी सांगाड्यांवर गेल्या. त्याच सुमारास फ्लेक्स आले. मुंबई-पुण्यात यंत्रावर छापलेले कापड रात्रीतून ताणले जाई. फोटो हुबेहूब, अक्षर बिनचूक, आणि तीस दिवसांनी नवे. आमच्या भागातले अनेक पेंटर मुसलमान होते. दोन-तीन वर्षांत त्यांचे हात रिकामे झाले. कोणी रिक्षा घेतली, कोणी गॅरेजात रंग मारू लागले. अब्बांना दमा होताच. त्यांनी दुकान सोडले. मी त्याबद्दल फार गळा काढणार नाही. तारपिनाच्या वासात छाती जाळून घेण्याचा तो काळ परत यावा असे त्यांनाही वाटत नव्हते. पण सांगाड्यांची उंची वाढत गेली तशी एक नवी भीती आली. १७ एप्रिल २०२३ ला मावळच्या वेशीवर किवळे येथे वादळी पावसात आडोशाला थांबलेल्यांवर होर्डिंग कोसळून पाच जण गेले. पुढच्या वर्षी १३ मे ला घाटकोपरला तसेच होर्डिंग पडून १७ मेले. आमच्या सुताच्या चौकटीने कोणाचा जीव घेतला नव्हता, एवढे म्हणतो.

आता तो चित्रातल्या धर्माचा अनुभव. द्रुतगती मार्ग झाल्यानंतरच्या एका वर्षी रमजानमध्ये पुण्याच्या एका जाहिरात कंपनीतला तरुण माझ्याकडे आला. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडे तेच झाले असते. मसाल्याच्या एका मालासाठी रेडिओवर ईदची छोटी जाहिरात करायची होती, संवाद ‘अस्सल’ हवे होते. मी मराठीचा प्राध्यापक आणि मुसलमान, म्हणून माझे नाव कोणी सुचवले असावे. मी हौसेने लिहून दिले. ईदची सकाळ, कामशेतच्या एका घरातली बाई कुंपणावरून शेजारणीला हाक मारते: “अगं सुमन, शिरखुर्म्याला दूध कमी पडतंय बघ. लिटरभर दे तुझ्याकडचं, पहिली वाटी तुझी.” आमच्या घरी दरवर्षी साधारण हेच चालत होते.

त्याने वाचले आणि जरा अवघडून म्हणाला, “सर, छान आहे. पण बाई मुसलमान वाटत नाही.”

“का?”

“मराठी बोलतेय ना ती.”

“मीसुद्धा तुमच्याशी मराठीच बोलतोय की.”

“तुमचं वेगळं आहे, सर.”

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या वरच्यांनी त्याला जे चित्र दिले होते त्यात मुसलमान बाई ‘अजी सुनते हो’ म्हणते, चाँद दिसतो, मागे सारंगी वाजते, आणि पुरुषाच्या अंगावर शेरवानी असते. माझी बाई नऊवारी नेसणाऱ्या शेजारणीकडे दूध मागत होती. ती ऐकणाऱ्याला ईदची वाटणार कशी? शेवटी जाहिरात वाजली ती त्यांच्या पद्धतीची. मराठीत उरला तो फक्त पाकिटाचा दर. ऐकून अम्मा म्हणाली, “ये लोगां कहाँ के?”

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण जे सांगत आलो आहोत, त्याच्या आड जाहिरातीचे हे चित्र उभे आहे. मुसलमानाची भाषा मराठी असू शकते, हे साहित्यात आपण बऱ्याच वर्षांनी पटवून दिले. पण कादंबरी वाचणारे किती आणि जाहिरात ऐकणारे किती! संपादकांशी वाद घालता येतो. जाहिरातीशी कसा घालणार? तिला पत्ता नसतो, सही नसते.

या धंद्यात मुसलमान नव्हते असेही नाही. अलीक पदमसी (१९२८-२०१८) खोजा घराण्यातले. लिंटासचे अनेक वर्षे प्रमुख. १९८९ ची ‘हमारा बजाज’ त्यांच्याच काळातली. ती स्कूटर बनवणाऱ्या आकुर्डीच्या कारखान्यात आमच्याकडची कितीतरी मुले लोकलने जात. पण पदमसींची भाषा इंग्रजी आणि नाटकही इंग्रजी. मावळातल्या मुसलमानाचे घर त्यांच्या वाटेवर नव्हते, आणि तो काही त्यांचा दोष नाही.

अलीकडच्या काळात मुसलमान पात्रे जाहिरातीत येतात ती बहुधा भल्या हेतूने. २०१४ मध्ये ओगिल्वीने चहासाठी केलेल्या जाहिरातीत घराबाहेर अडकलेल्या हिंदू जोडप्याला शेजारची मुसलमान बाई चहाला बोलावते. २०१९ मध्ये लोव लिंटासने सर्फ एक्सेलसाठी केलेल्या जाहिरातीत एक मुलगी होळीचे सगळे रंग स्वतःवर घेते आणि पांढऱ्या कपड्यातल्या मित्राला नमाजाला पोचवते. तिच्यावर बहिष्काराची हाक उठली. २०२० मध्ये तनिष्कची डोहाळजेवणाची जाहिरात तर मागेच घ्यावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये आमिर खान असहिष्णुतेबद्दल बोलला, तेव्हा राग निघाला तो तो ज्या कंपनीची जाहिरात करत होता तिच्यावर. पुढच्या वर्षी तो करार वाढला नाही. या जाहिराती काढणाऱ्यांचे धाडस मी कमी लेखत नाही. तरीही एक गोष्ट खटकते. त्यातला मुसलमान नेहमी काहीतरी सिद्ध करायला आलेला असतो: शेजारधर्म, सलोखा, एकता. त्याला नुसतीच डोकेदुखी होत नाही, त्याचा पंखा बिघडत नाही, तो विम्याचा हप्ता भरायला विसरत नाही. गोळी, पंखा आणि विमा विकायला दुसरी माणसे असतात. आर-४ मध्ये मोजताना आम्ही सगळ्यांसारखे आणि पडद्यावर आणताना एकदम सणासुदीचे.

थॉम्प्सनचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एका एजन्सीकडे दोन स्पर्धक गिऱ्हाइके राहू शकत नाहीत. एकाची गुपिते दुसऱ्याला कळतील या भीतीने ती राहत नाहीत. चाळीसच्या दशकात थॉम्प्सनने अमेरिकेत फोर्डचे काम घेतले, म्हणजे जनरल मोटर्सचे दार बंद झाले. मोठे व्हायचे तर काय करायचे? उत्तर एका इंग्रज हिशेबनीसाने काढले. मार्टिन सॉरेल याने १९८५ मध्ये वायर अँड प्लास्टिक प्रॉडक्ट्स या बाजाराच्या तारेच्या टोपल्या करणाऱ्या कंपनीत पाय रोवला आणि तिच्या नावावर एजन्स्या विकत घेण्याचा सपाटा लावला. १९८७ मध्ये ५६ कोटी ६० लाख डॉलरला थॉम्प्सन, १९८९ मध्ये ८६ कोटी ४० लाखांना ओगिल्वी. मालक एक, पाट्या वेगवेगळ्या. एका पाटीखाली फोर्ड, दुसरीखाली तिचा स्पर्धक. १९९७ मध्ये दोघींचे जागा-खरेदीचे विभाग काढून माइंडशेअर केली, आणि जिच्यावर हा धंदा उभा राहिला ती अडतच वेगळ्या घरात गेली. मग पाट्याही एकेक उतरू लागल्या. २०१८ मध्ये थॉम्प्सन वंडरमनमध्ये मिसळली, आणि २०२३ मध्ये दोन मोठ्या एजन्स्या एकत्र करून व्हीएमएल केली, तेव्हा थॉम्प्सन हे नावच गेले. १८७८ पासूनचे नाव. नावे घडवून देणे हा जिचा धंदा होता, तिचे नाव एका कागदावर पुसले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑम्निकॉमने लिंटासच्या मालक कंपनीलाही गिळले.

तळेगावचा कारखाना त्याआधीच थंडावला होता. २०१७ नंतर जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणे थांबवले. काही वर्षे परदेशी पाठवण्यापुरती कामे चालली, आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबली. हजारावर कामगारांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून कोरियन गाड्या बाहेर पडू लागल्या. ह्युंदाईची जाहिरात कंपनी तिच्या समूहातलीच, इनोशन. २००५ मध्ये सोलला निघालेली आणि मोटारींच्या मागोमाग भारतात आलेली. म्हणजे १९२९ चाच व्यवहार, फक्त या वेळी दोन्ही एकाच घरच्या. आणि १९९८ च्या सँट्रोपासून तिचा चेहरा झालेला माणूस पुन्हा शाहरुख खानच.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने द्रुतगती मार्गालगतच्या आपल्या बांधावर जाहिरातीचा लोखंडी सांगाडा उभा करू दिला आहे. त्या तुकड्यात भाताचे जे निघायचे त्याहून भाडे जास्त येते, म्हणतो. मागच्या खेपेला मी त्याला विचारले, “सध्या कोणाची जाहिरात आहे तुमच्या बांधावर?”

“ते काय म्हायती न्हाई, सर,” तो म्हणाला. “तोंड रस्त्याकडं हाय तिचं. आमाला मागची पत्र्याची बाजू दिसती. रातच्याला गाडी येती, कापड बदलून जाती.”